गळ्यातला बोळा आणि पन्नास वर्षांची थाप

मी ट्रॉम्बोन बोलतोय. पितळेचा, लांबलचक, नळी पुढेमागे सरकवायचा. 'बोलतोय' हा शब्द मात्र बेताने घ्या, कारण ऐंशी वर्षांत मी पहिल्यांदा खरा बोललो तो यंदाच, आणि तेही टेक्सासमधल्या शुगर लँडच्या महाराष्ट्र मंडळात.

तरुणपणी मी हॉलिवूडमध्ये होतो. उगाच बढाई मारत नाही, सतरा चित्रपट केलेत. पांढरे कोट घातलेला बिग बँड पडद्यावर उभा राहतो ना, त्यात तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मी. पण आतली गोष्ट सांगतो. ते सगळे नुसते गाल फुगवायचे. जॅझ दुसऱ्याच लोकांनी आधी वाजवून ठेवलेलं असायचं. चुकून आमचा आवाज निघाला तर नायिकेच्या संवादाची वाट लागेल, म्हणून स्टुडिओने पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, बोळा कोंबला. काढायची आठवण कुणालाच राहिली नाही.

पुढे गोदाम, मग एका संग्राहकाचं घर. तो गेल्यावर त्याच्या अंगणात सामान विकायला काढलं, तिथून मला रवींद्रकाकांनी उचललं. रिटायर्ड इंजिनियर, आयुष्यभर तेलाच्या पाइपलाइनी टाकलेल्या. म्हटलं, चला, नळ्यांची जाण असलेला माणूस भेटला. कसलं काय!

काका माझ्यासारखेच निघाले. पन्नास वर्षांपूर्वी ह्यूस्टनला शिकत असताना त्यांचं लग्न पत्रांतून ठरत होतं. मुलीला दुसरं स्थळ आलेलं, तेही डॉक्टरचं. घाबरून यांनी साताऱ्याला अहिल्याकाकूंना लिहिलं, मी इथे बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. वाजवायचा यांचा रूममेट. काकूंनी डॉक्टरला नकार कळवला.

तेव्हापासून काकू म्हणतायत, वाजवून दाखवा. आधी अपार्टमेंटच्या भिंती पातळ होत्या, मग मुलं झोपलेली असायची, मग काकांना कवळी आली. यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला आणि काकूंनी निमंत्रणातच छापून टाकलं: रवींद्र यांचे ट्रॉम्बोनवादन. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

गॅरेजमध्ये त्यांनी मला फुंकून पाहिलं. बोळा होता, आवाज निघेना. बिचाऱ्यांना वाटलं, आपलाच दम कमी पडतोय. मी ओरडून सांगणार होतो, पण कशाने?

त्यातच दसरा आला. काकूंनी ड्रिल, लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या आणि मला एका पाटावर मांडलं. हळदकुंकू लावलं आणि माझ्या कर्ण्यासारख्या तोंडात मूठभर अक्षता घातल्या. ओल्या हळदीने त्या बोळ्यावर घट्ट चिकटून बसल्या. आजवर माझी पूजा कुणी केली नव्हती, सतरा चित्रपटांत नाही. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आणि लाजही वाटली.

शेवटी काकांनी सिनेमाचाच मार्ग धरला. नात अनयाच्या फोनवर ट्रॉम्बोनचं एक रेकॉर्डिंग घेतलं. ती स्पीकरवर लावणार, हे गाल फुगवणार. माझा तर जन्मच त्यात गेलेला.

कार्यक्रमाच्या दिवशी काका पांढरा कोट घालून उभे राहिले. तीनशे माणसं. अनयाने स्पीकरवरचं बटण दाबलं. पण हॉलचा स्पीकर गणपतीपासून मंडळाच्या सेक्रेटरी सुलेखाताईंच्या फोनला जोडलेला, तो अजून त्याच फोनचं ऐकत होता. सुरू झाली ती आरती.

काका थांबले नाहीत. गाल फुगवून, डोळे मिटून, नळी सरकवत आरती वाजवायला लागले. आणि तीनशे माणसं, हातातल्या प्लेटा खाली ठेवून, उभी राहिली. सवयच ती. चपला काढल्या, टाळ्या धरल्या. यतीन नावाच्या एका तरुणाने मोबाइलचा टॉर्च लावून काकांना ओवाळलं. एक संपली की दुसरी लागायची, पूर्ण प्लेलिस्ट होती. बसायची हिंमत कुणाची? शेवटी फोनची बॅटरी गेली. आरती मध्येच थांबली, काका मात्र दोन ओळी पुढे वाजवत राहिले. बिनआवाजाचे.

काकांनी डोळे उघडले. तो चेहरा बघून मलाच रडू येत होतं.

काकू उठल्या, स्टेजवर आल्या. म्हणाल्या, "अहो, आता खरं वाजवा."

"अहिल्या, मला येत नाही गं. कधीच येत नव्हतं."

"फुंकायला तर येतं ना? मग फुंका."

काकांनी पन्नास वर्षांचा कोंडलेला श्वास माझ्यात सोडला. बोळा उडाला, थेट समोरच्या श्रीखंडात पडला. त्यामागून मी बोललो. म्हशीसारखा बोललो, पण माझ्या आवाजात बोललो. आणि दसऱ्याच्या अक्षता उडून काकूंच्या डोक्यावर पडल्या, काही काकांच्याही. लोकांनी आरतीतल्या उरलेल्या टाळ्या वाजवून घेतल्या.

काकूंनी केसांतले तांदूळ झटकले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यासाठी मी डॉक्टर सोडला. उद्यापासून रोज अर्धा तास, गॅरेजमध्ये."

तर सध्या मुक्काम गॅरेजमध्ये, तांदळाच्या पोत्यांशेजारी. काका रोज अर्धा तास वाजवतात, शेजारचा कुत्रा साथ देतो, आणि काकू दार उघडं ठेवून पोळ्या लाटतात. जुने चित्रपट बघताना तिसऱ्या रांगेत मी दिसलो, तर त्या सुंदर आवाजावर विश्वास ठेवू नका, तो माझा नाही. माझा ऐकायचा असेल तर सकाळी दहाला इकडे या. कानात बोळे मात्र तुमचे तुम्ही आणा.