कोपऱ्यातली सुई

डबीत सुई नव्हती. कृष्णाबाईंनी डबी पालथी घालून झटकली. रिळं पडली, अंगुस्तान पडलं, कधीकाळची दोन बटणं पडली. सुई मात्र नाही. आणि समोर, दुपारी त्यांनी ठिगळ लावलेल्या गोधडीवर त्यांचा नऊ महिन्यांचा नातू वेदांत पालथा पडून मुठीनं ठिगळ ओढत होता.

त्यांनी झटकन गोधडीचा कोपरा चाचपला.

शहराबाहेर, के. आर. पुरमच्याही पलीकडे, गोठा आणि चार नारळ असलेल्या या घरात सुई हातातून हातात देत नसत. दिली की भांडण होतं म्हणे. एकीनं ती गोधडीच्या कोपऱ्यात टोचायची, दुसरीनं तिथून उचलायची. सासूनं घालून दिलेली ही रीत कृष्णाबाईंनी चाळीस वर्षं पाळली, आणि भांडणं व्हायची ती झालीच. दुपारी इरकली लुगड्याचं ठिगळ लावून झाल्यावर सुई कोपऱ्यात टोचल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. आता तो कोपरा रिकामा होता. म्हणजे सुई आत गेली, नाहीतर पोराला लागली.

त्यांनी पोराला उचललं. अंगडं काढलं, पाठ पाहिली, टाचा पाहिल्या, तोंडात बोट फिरवलं. वेदांतनं भोकाड पसरलं. सून संपदा संध्याकाळचं दूध घालायला डेअरीवर गेलेली. मुलगा रघुनंदन इलेक्ट्रॉनिक सिटीहून यायचा होता. हाक मारली तर गाय तेवढी ऐकणार!

"रडू नको रे राजा. स्वल्प थांब. कुठं टोचलं? सांग की."

ते पोर काय सांगणार? त्याला पाळण्यात घालून त्यांनी गोधडी ओढली. तळव्यानं चाचपली, काही लागेना. मग कात्री घेतली. दुपारचं ठिगळ उसवलं, त्याखालचं उसवलं, सासूच्या हातचे बारीक टाकेही भराभरा कापले. चिंध्यांचा ढीग झाला. सुई नव्हती. मग पोराच्या पोटात?

संपदा रिकामी किटली घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अक्का, हे काय केलंत?"

"सुई सापडेना गं! पोराला आधी डॉक्टरकडे ने. मला काय बोलायचं ते मग बोल."

संपदानं देवघराच्या फळीवरून सुई उचलून आणली. दोरा अजून तिच्यात ओवलेला होता.

"मीच काढली की कोपऱ्यातून, तुमच्यासमोर. 'पोर डबी उघडतं, वर ठेव,' तुम्हीच म्हणालात. मग आपण चहा प्यालो. आठवत नाही?"

जीव भांड्यात पडायला हवा होता, पडला नाही. कृष्णाबाई आठवू लागल्या. फळी आठवेना, ते बोलणं आठवेना, चहासुद्धा आठवेना. मघाशीही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

"आठवलं की," त्या म्हणाल्या. "घाबरले ना, म्हणून." आणि सुनेकडे न बघता चिंध्या गोळा करू लागल्या.

"सरी, बरं, राहू द्या ते. मी गायीला वैरण टाकून येते. याला धरा तेवढं." संपदानं वेदांतला पुढे केलं. तोही आजीकडे झेपावला.

कृष्णाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको. तुझ्याबरोबरच ने," त्या म्हणाल्या. "गाय दाखव त्याला."