आजोबांचा नकार

अर्धांगाचा झटका आल्यापासून आमच्या आजोबांकडे एकच शब्द उरला होता: "नाही." जेवलात? नाही. दुखतंय? नाही. तुमचं नाव काय? नाही. आणि आज सल्त गावातल्या आमच्या दिवाणखान्यात नायिफच्या घरचे चाळीस पुरुष मला मागणी घालायला येऊन बसले होते.

त्यांचे म्होरके शेख अबू तराद यांनी रीतीप्रमाणे कॉफीचा पेला न पिता समोर ठेवला. आमच्या वडीलधाऱ्यांनी होकार दिला की मगच तो प्यायचा. तसेच उठून गेले तर लग्न मोडलं, वर गावभर शोभा. दाराआड माझा जीव टांगणीला लागला होता.

"अबू मुनीफ, तुमची नात आमच्या नायिफला द्याल?" शेखांनी आजोबांना विचारलं.

"नाही," आजोबा खणखणीत म्हणाले.

चाळीस चेहरे पडले.

ज्यांच्यामुळे आजोबा 'अबू मुनीफ', म्हणजे मुनीफचे वडील, ते मुनीफकाका मेंदूचे डॉक्टर. ते घाईने म्हणाले, "शेखसाहेब, मनावर घेऊ नका. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालीय. शब्द आपोआप निघतो, त्यांना तसं म्हणायचं नसतं."

"नसतं हे तुला कसं कळलं?" सुहैलमामा तत्त्वज्ञान शिकवतात, त्यांना गप्प बसवत नाही. "मेंदूचा फोटो काढलास, मनाचा काढलास का?"

"मन म्हणजे मेंदूचंच काम!"

"मग तुझा आज सुट्टीवर दिसतोय."

पाहुण्यांतले इमामसाहेब म्हणाले, "आम्ही शब्द नाही, हेतू बघतो."

"मग दाखवा की हेतू!" दोघे एकदम ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

कॉफी निवत चालली होती आणि तिन्ही शहाणे माझं लग्न साफ विसरले होते. मला राहवेना. लाजबीज गुंडाळून मी दाराआडून ओरडले, "अहो, उलटं विचारा ना! हरकत आहे का म्हणावं!"

शेख मिशीत हसले. "अबू मुनीफ, तुमची काही हरकत?"

"नाही."

शेखांनी पेला एका घोटात रिकामा केला. आतून बायकांचा गलका उठला. "ही शुद्ध फसवणूक आहे," काका पुटपुटले.

पाहुणे गेल्यावर मी ऐटीत आजोबांशेजारी जाऊन बसले. "कसं जमवलं मी? आता सांगा, मी गेल्यावर करमेल ना तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा धड हात माझ्या मनगटावर घट्ट बसला.

शब्द आपोआप निघतो, असं काका या वेळी म्हणाले नाहीत. मला रडू आवरेना.