शकुंतलाबाईच्या दारचा निंब

दाराला निंब लावायची अक्कल प्रेमिलाची. आज गावात विचारलं तर जो तो बकारामचं नाव घेईल, कारण म्हातारा आहे, त्याच्यावर काहीही खपतं. पण खोटं कशाला बोला? बकाराम त्या दिवशी पारावर नुसता खोकत बसला होता. बोलली ती प्रेमिला.

सौंदडचं रेल्वेफाटक ओलांडलं की अर्ध्या कोसावर हे गाव. उन्हाळी धान उभं होतं, मोहाची फुलं वेचून झाली होती, आणि गोंदियाहून रोज कोणाच्या ना कोणाच्या मरणाची बातमी येत होती. बेड नाही, ऑक्सिजन नाही, मयत घरी आणू देत नाहीत. तरी लोकांना कोरोनापेक्षा लसीच्या सुईचीच धास्ती जास्त. प्रेमिलाचा दीर केशोराव लस टोचून आला आणि आठवड्याच्या आत गेला. लस घ्यायच्या आधीपासून तो खोकत होता, हे प्रेमिलाला पक्कं ठाऊक होतं, पण तेवढं तिनं सोयीनं विसरून टाकलं. तिला एकच लेक, वीरेंद्र. नवरा गेल्यापासून तिचा सारा जीव त्या पोरात.

"उद्या सुईवाले येऊन राहिले," बकाराम म्हणाला. "आता कराचं काय?"

"सगळ्याईनं दाराले निंब बांधा," प्रेमिला म्हणाली. "निंब दिसला का कोन घरात घुसते, पाहू."

खरंच आहे. आमच्याकडे कोणाच्या अंगावर गोवर-कांजिण्या उठल्या की माता आली म्हणतात. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात. मग परका आत जात नाही, घरातला उंबरठा ओलांडत नाही, औषध की सुई तर नावालाही नाही. डहाळ्यावर रोज पाणी शिंपडायचं, त्या देवीला, मायला थंडावा म्हणून. आणि ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा. लस द्यायला येणारी सिस्टर भूमिका याच भागातली पोर होती, तिची आईसुद्धा निंब पाहून हात जोडणारी. युक्ती नामी होती, पण देवीच्या नावानं खोटं बोलतोय याचा विचार कोणी केला नाही.

फक्त एका घरानं ऐकलं नाही. प्रेमिलाच्या समोरची शकुंतलाबाई, एकटा जीव, तोंडानं फटकळ.

"मले सुई घ्याची आहे," ती म्हणाली. "तुमी बसा निंब चघळत!"

प्रेमिलाला झोप लागेना. साऱ्या गल्लीला निंब आणि मधे एक दार उघडंबोडकं, मग सिस्टर काय दूधखुळी आहे? पहाटे झुंजूमुंजू होताना ती उठली, परसातला एक डहाळा मोडला आणि समोरच्या दाराच्या कडीला बांधू लागली. सुतळीची गाठ मारतानाच आतून आवाज आला.

"कोन आहे?"

प्रेमिला जागच्या जागी थिजली.

"कोन आहे वो बाहेर? बोलत काऊन नाही?"

ती बोलली नाही. चप्पल हातात घेऊन अनवाणीच घरी पळाली. दाराच्या फटीतून पाहिलं तर समोरचं दार किलकिलं झालं होतं. शकुंतलाबाई डहाळ्याकडे पाहत होती. आता शिव्या देईल, ओढून फेकून देईल, असं प्रेमिलाला वाटलं. पण म्हातारीनं हात जोडले, कपाळ चौकटीला टेकवलं आणि दार हळूच लावून घेतलं.

दुपारी भूमिका सिस्टर आली, तिच्यामागे लसीचा डबा खांद्याला अडकवलेला माणूस. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारोदारी निंब, आणि प्रत्येक दारामागे माणसं श्वास धरून बसलेली. शकुंतलाबाईच्या दाराशी सिस्टर थांबली. "या आजींनी तर स्वतः फोन केला होता," ती म्हणाली. दोनदा हाक मारायला तोंड उघडलं, डहाळ्याकडे पाहिलं आणि हात जोडून परत फिरली. संध्याकाळी गावात हसणं-खिदळणं झालं, बकारामनं तर चहाही पाजला.

मग निंब वाळू लागले. ऊन आमच्याकडचं काय विचारता, अंगणात टाकलेलं ओलं लुगडं घडीभरात कडक होतं. आणि खोट्या निंबाला पाणी घालतो कोण? गल्लीभर पानं तपकिरी झाली, गळली, काड्या तेवढ्या लटकत राहिल्या.

शकुंतलाबाईच्या दारचा डहाळा मात्र हिरवागार. पानं टवटवीत, टोकांना पाण्याचे थेंब.

"तिथं माय खरीच आली," बकाराम कुजबुजला. त्या घरापुढून लोक पाय उचलून चालू लागले. बाया पेज आणून ओट्यावर ठेवायच्या, तोंड फिरवून निघून जायच्या. आतून खोकला यायचा. मग आणखी एका घरातून यायला लागला, मग तिसऱ्या. कोणत्या दारामागे खरं दुखणं आहे नि कोणत्या नाही, काही कळायला मार्ग नव्हता, कारण खुणा तर सगळ्यांच्याच दाराला होत्या. मेल्यांनी स्वतःच्याच हातानं स्वतःला आंधळं करून घेतलं होतं.

प्रेमिला दिवसातून दहादा फटीतून समोर पाहायची. तो डहाळा तिच्याच परसातला, तिच्याच हातची गाठ, मग तो वाळत का नाही? माय रागावली, तिला वाटलं. खोटी आली म्हणालीस ना, घे, खरीच येते. आणि आता रस्ता ओलांडून ती माझ्या वीरेंद्रकडे येईल.

शेवटी एका टळटळीत दुपारी, गल्ली निजलेली असताना, ती समोर गेली. ओट्यावरच्या पेजेवर साय धरली होती, माशा घोंगावत होत्या. ती भांडं उचलायला वाकणार तोच दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. सुकलेला. हातात पितळी गडवा. त्या हातानं डहाळ्यावर पाणी शिंपडलं आणि तो तसाच चौकटीला टेकून राहिला.

प्रेमिलानं दार लोटलं. शकुंतलाबाई उंबरठ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. छाती भात्यासारखी चालत होती.

"दूर राय, बाई," ती म्हणाली. "घरी पोरगा आहे तुहा. माय आली आहे माह्याकडं."

"मावशी, दवाखान्यात चाल. वीरेंद्र गाडी काढते."

"कशी येऊ वो? दाराले निंब आहे." ती दम घ्यायला थांबली. "सुई घ्याची म्हनलं, तोंड वर करून बोलली. माय आयकत होती. पहाटे आली, म्या इचारलं कोन आहे, तर बोलली नाही. मानूस असता तर बोलला असता, नाही का?"

प्रेमिलाची नजर सुतळीच्या गाठीवर गेली.

"ज्यानं बांधला त्यानं सोडला पाहिजे. मायनं बांधला, तिनं सोडला का येतो मी. चालत येतो, पाहजो."

एवढंच करायचं होतं. हात वर करायचा, गाठ सोडायची, म्हणायचं, मावशी, माय नाही, मी होती. म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या आणि उठून गाडीत बसली असती. प्रेमिलाचा हात सुतळीपर्यंत गेलाही. पण गाठ सोडली तर माय कोणाच्या घरी जाईल? बांधणारीच्याच ना? तिनं हात पदरात ओढून घेतला.

"मी वीरेंद्रले घेऊन येतो," ती म्हणाली. "तो उचलून नेईल. तू नको चालू."

वीरेंद्र शेतावर होता. त्याला शोधून, गाडी घेऊन येईस्तोवर उन्हं कलली होती. शकुंतलाबाई तशीच भिंतीला टेकून होती, डोळे दाराकडे लावून. गडवा कलंडला होता आणि पाणी उंबरठ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. अँब्युलन्स आली, माणसांनी तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, नेलं. घराला कुलूप लागलं. निंब कोणी सोडला नाही, कारण बांधणारा कोण हे प्रेमिलाखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर गावाची रग जिरली. बकारामनं स्वतः फोन करून सिस्टरला बोलावलं, ज्यानं त्यानं आपापल्या वाळक्या काड्या काढून दारं मोकळी केली. गल्लीच्या तोंडच्या पारावर रांग लागली. वीरेंद्रनं सुई घेतली, दंड चोळत हसला, त्याला काही झालं नाही. प्रेमिला रांगेत गेली नाही, म्हणून सिस्टर वीरेंद्रबरोबर तिच्या घरी आली, तिलाही सुई टोचली, आणि ओट्यावरून उतरताना समोर पाहून थांबली.

"त्या घरी कोण आहे, काकू?"

"कोनी नाही. बुढी गेली. कुलूप आहे."

"मग निंबाला पाणी कोण घालतं?"

प्रेमिलानं वर पाहिलं. डहाळा हिरवागार होता. एका पानाच्या टोकावरून थेंब सुटला आणि खाली कोरड्या ओट्यावर पडला. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. वीरेंद्रचं हसू विरलं, तो आईच्या जवळ सरकला, तिचा हात धरला.

आणि कुलपाच्या आतून, अगदी दाराजवळून, त्या पहाटेसारखाच फटकळ आवाज आला.

"कोन आहे वो बाहेर? बोलत काऊन नाही?"

तो बाकीच्यांना ऐकू आला की नाही, कोण जाणे. प्रेमिला लेकाचा हात सोडवून गल्ली ओलांडून गेली. साऱ्या गावादेखत तिनं सुतळीच्या गाठीला हात घातला. पाण्यानं फुगून ती इतकी घट्ट झाली होती की नखं तुटली, तरी सुटेना.

"मी आहो, मावशी," ती मोठ्यानं म्हणाली. "प्रेमिला. निंब मीच बांधला."