शिओगोन आणि नागिहामाचे धुराडे

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना राक्षस आहे खरा, पण आतून पोकळ आहे. जपानच्या किनाऱ्यावर नागिहामा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दारात, चपला ठेवायच्या फळ्यांशेजारी मी उभा असतो. माझे नाव शिओगोन. समुद्रातून वर यायचे आणि शहरे तुडवायची, हा माझा धंदा होता. आता मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळतो.

माझा जन्म चित्रपटांच्या एका कारखान्यात झाला. बांबूच्या कामट्या आणि तारा यांचा माझा सांगाडा. त्यावर स्पंज, त्यावर कापड आणि त्यावर रबराचे थरावर थर. माझ्या पाठीवरचे खवले तुम्हाला भयंकर वाटतील, पण ते वाळलेल्या घोसाळ्याचे तुकडे आहेत. डोळ्यांत सायकलच्या दिव्याचे बल्ब. डरकाळी तर माझी नव्हतीच. गोदामाचे गंजलेले दार ओढायचे, तो आवाज संथ करून वाजवायचा, की झाली माझी डरकाळी. त्या दाराला कधी कोणी तेल घालू दिले नाही.

माझ्या आत उकाईदादा शिरत. डोक्याला मुंडाशासारखा पंचा गुंडाळून, पाठीच्या फटीतून ते आत उतरत. माझ्या मानेला बारीक छिद्रे होती, तेवढ्यातूनच त्यांना दिसे. म्हणून कामाआधी ते अनवाणी पायांनी ते इवलेसे शहर फिरून घेत. कुठे पूल आहे, कुठे विजेच्या तारा आहेत, ते पायांना पाठ करून ठेवत. मग माझ्या नाकाडावर थाप मारून म्हणत, "चला म्हातारबुवा, सांभाळून घ्या." मी तेव्हा नवा कोरा होतो, तरी म्हातारबुवाच. दिव्यांच्या उष्णतेत आम्हा दोघांच्या नाकी नऊ येत. काम संपले की माझे पाय उलटे करत, तेव्हा किटली रिकामी करावी तसा त्यांतून घाम वाहे.

आणि शहरे उभी करत ते माकाबे. घर करायचे, खिडकीला पडदा लावायचा, दोरीवर कपडे वाळत घालायचे, आणि सगळे आमच्या पायाखाली द्यायचे. प्रत्येक इमारतीला आतल्या बाजूने ते बारीक करवतीने चरे पाडत. मग माझा हात लागला की ती भुसभुशीत वडीसारखी ढासळे. हे चरे अगदी शेवटी, कामाच्या सकाळी पाडायचे असा त्यांचा नेम होता. आधी पाडले तर इमारत रात्रीतच मान टाकते, असे ते म्हणत.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की ज्यांची गावे मी तुडवली, ते लोक माझ्यावर रागावत असतील. छे! उलट राक्षसाने आपले गाव तुडवले म्हणजे गावाची शान वाढली, असे लोक मानत. पडद्यावर आपल्या गावचे स्टेशन कोसळले की त्या गावचे लोक टाळ्या पिटत. नागिहामाच्या शेजारी एक गाव आहे. त्याचा पूल मी एका चित्रपटात मोडला होता. तेव्हापासून ते लोक बाजारात ताठ मानेने चालत आणि नागिहामाच्या कोळ्यांना विचारत, "तुमच्याकडे कधी येणार शिओगोन? का त्यालाही तुमचं गाव दिसत नाही?"

हे ऐकून घेणाऱ्यांत तोयोआजी होत्या. गावचे न्हाणीघर त्यांचे. त्या काळी न्हाणीघरांत चित्रपटांच्या जाहिराती लावत आणि त्याबदल्यात मालकाला फुकट तिकिटे मिळत. तोयोआजींच्या नवऱ्याने त्या तिकिटांवर माझा एकही चित्रपट चुकवला नव्हता. भट्टीत लाकडे सारता सारता तो म्हणायचा, "बघ तू, एक दिवस तो आपलं धुराडं पाडणार." पण तो दिवस यायच्या आधीच तो गेला. मग घरोघरी नळ आणि न्हाण्या झाल्या, न्हाणीघरातली गर्दी आटली, आणि तोयोआजींनी ते बंद करायचे ठरवले. भात कापणीनंतर ठेकेदार येऊन धुराडे पाडणार होता.

तेव्हा आजी संत्र्यांची पाटी घेऊन थेट आमच्या कारखान्यात आल्या. दिग्दर्शक कुरामोची यांच्यापुढे त्यांनी पाटी ठेवली आणि खाली वाकून म्हणाल्या, "साहेब, माझं धुराडं पाडा."

कुरामोची गोंधळले. "आजी, आम्ही खरी धुराडी पाडत नाही."

"ते मला ठाऊक आहे. खरं पाडायला ठेकेदार आहेच. तो हातोडा घेऊन येईल, चहा पिऊन जाईल. पण त्याआधी तुमच्या राक्षसाच्या हातून पडलेलं लोकांना दिसू दे. आमच्या ह्यांची तेवढी एकच इच्छा राहिली आहे."

कुरामोचींनी एक संत्रे सोलले. तेही अडचणीतच होते. लोक आता घरी बसून टीव्ही बघत, आणि माझा पुढचा चित्रपट शेवटचा असे कारखान्याच्या मालकांनी सांगून टाकले होते. शेवटाला काय पाडायचे हे त्यांना सुचत नव्हते. संत्रे संपल्यावर ते म्हणाले, "गोड आहे. पाडू या."

म्हणजे बघा मित्रांनो, धुराड्याचा शेवट आणि माझा शेवट एकाच दिवशी ठरला.

माकाबे मापे घ्यायला नागिहामाला गेले. एका दिवसाचे काम होते, पण आठवडा झाला तरी परत आले नाहीत. रोज त्या न्हाणीघरात गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसत आणि खिडकीतून धुराड्याकडे बघत. परत आल्यावर त्यांनी धुराडे साच्यात एकसंध ओतले नाही. चिमुकल्या विटा पाडल्या आणि एकेक वीट चुन्याने जोडली. कुठे काजळी आहे, कुठे भूकंपाची जुनी भेग बुजवली आहे, सगळे तसेच केले. ते उभे राहिले तेव्हा माझ्या खांद्याएवढे होते.

उकाईदादा म्हणाले, "माकाबे, इतका जीव लावलास, आता मला मोडताना लाज वाटेल."

"तू डोळे मिटून मोड," माकाबे म्हणाले. "नाहीतरी तुला आतून काय दिसतं?"

कामाचा दिवस उजाडला. धुराडे एकच होते, म्हणजे संधीही एकच. माकाबे करवत घेऊन चरे पाडायला वाकले, तेवढ्यात तोयोआजी आल्या. ठेवणीतला किमोनो, काखेत नवऱ्याचा फोटो. त्या छोट्या धुराड्यापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं गावाला ऊब दिलीत, उपकार झाले." नंतर माकाबेंनाही तसाच नमस्कार केला.

माकाबेंनी करवत हळूच पाठीमागे लपवली. चुन्याचेच तर आहे, शिओगोनच्या एका फटक्यात पडेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि कोणाला काही न सांगता ते बाजूला झाले.

दिवे लागले. कॅमेऱ्यातली फिल्म भरधाव फिरू लागली. ती अशी फिरवली की पडद्यावर माझी चाल संथ आणि जड दिसते. मी समुद्रातून वर आलो, मासळीबाजार चिरडला, विजेचा खांब उपटला. मग धुराड्यापुढे उभा राहिलो आणि उजवा पंजा हाणला.

धुराडे हलले नाही. माझ्या पंजाचे एक नख मात्र उडाले.

"अरे, हे पडत का नाही?" उकाईदादा आतून पुटपुटले. त्यांनी खांदा दिला. धुराडे तसेच. वर तुळईवर बसून तिघे जण माझ्या शेपटीच्या तारा ओढत. त्यांनी घाबरून सगळे बळ एकवटले आणि शेपटी फिरवली. ती धुराड्यावर अशी आपटली की तिचेच टोक तुटून तोयोआजींच्या पायाशी जाऊन पडले.

माझ्या छातीत उकाईदादांचा श्वास भात्यासारखा चालला होता. ते थांबले. मग त्यांनी माझी मान हळूहळू उचलली. मानेच्या छिद्रांतून त्यांना आधी भट्टीचे दार दिसले, मग बुजवलेली भेग, मग काजळी, मग वरचे तोंड. खालून वरपर्यंत आम्ही ते धुराडे पाहिले. इतकी शहरे मी तुडवली, पण एखादी वस्तू नीट पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आणि मग आम्ही दोघे, मी आणि उकाईदादा, कमरेतून वाकलो, आजी वाकल्या होत्या तसे. वळलो आणि समुद्रात निघून गेलो.

कुरामोची 'थांबा' म्हणायचेच विसरले. कॅमेरा फिरत राहिला. पहिला आवाज आला तो तोयोआजींच्या हसण्याचा. फोटो छातीशी धरून, डोळे पुसत त्या हसत होत्या.

"माकाबे," कुरामोची म्हणाले, "चरे?"

माकाबेंनी पाठीमागची करवत पुढे केली. "हात धजला नाही, साहेब."

"अरे, राक्षस धुराड्याला हरला! लोक हसतील."

माझ्या पाठीच्या फटीतून उकाईदादांचे घामेजलेले डोके बाहेर आले. "हसू द्या की, साहेब. इतकी वर्षं घाबरले बिचारे. जाता जाता एकदा हसू दे त्यांना."

लोक हसले, मित्रांनो. आणि नंतर मी वाकलो तेव्हा टाळ्यांनी थिएटर दणाणले. मुले घरी जाऊन धुराडे व्हायचा खेळ खेळू लागली. शिओगोन व्हायला कोणी तयारच होईना. मग आगगाडीने लोक नागिहामाला येऊ लागले. शिओगोनच्या हातून न पडलेले धुराडे बघायचे, आणि आलोच आहोत तर गरम पाण्यात बसायचे. ठेकेदारही आला. त्याचा मुलगा धुराड्याला मिठी मारून बसला, म्हणून तोही अंघोळ करून परत गेला. आणि शेजारच्या गावाला आजी विचारू लागल्या, "तुमचा पूल एका फटक्यात पडला होता ना?"

माझी रवानगी मात्र गोदामात झाली. माझ्या पाठीवरचे खवले दुसऱ्या राक्षसाने नेले, डोळ्यांचे बल्ब कोणाच्या तरी सायकलला लागले. रबराला ऊन सोसत नाही, ओल सोसत नाही, आणि एकटेपण तर मुळीच सोसत नाही. ते वाळते, तडकते. उंदरांनी पोटात घर केले. कुठेतरी ते गंजलेले दार वाजे, तेव्हा मला वाटे, माझेच नाव घेत आहे कोणी.

एक दिवस ते दार उघडले आणि पिकल्या केसांचे दोन म्हातारे आत आले. एकाने माझ्या नाकाडावर थाप मारली. "चला म्हातारबुवा."

"आता तुम्ही दोघे एका वयाचे दिसता," माकाबे म्हणाले.

कारखाना बंद होणार होता. तोयोआजींनी मला न्यायला मासळीचा टेम्पो पाठवला होता. माकाबेंनी माझ्या भेगा सांधल्या, उकाईदादांनी आत शिरून कामट्या सरळ केल्या आणि बाहेर येताना कंबर धरून म्हणाले, "आत अजून माझाच वास येतो रे." शेवटी आजींनी नवऱ्याच्या फोटोशेजारून एक वस्तू आणून दिली. माझ्या शेपटीचे टोक. इतकी वर्षे त्या त्याच्यावरची धूळ रोज झटकत होत्या.

आता वाफ लागू नये म्हणून मी दाराशीच असतो. आठवड्याच्या सुट्टीला आजी माझ्या अंगाला पावडर लावतात आणि रागे भरतात, "एवढा मोठा राक्षस, पण अंगाची काळजी म्हणून नाही." मुले माझ्या पंजाला छत्र्या अडकवतात. बाहेर धुराड्यातून धूर निघत असतो.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी जुनी वस्तू मोडायला निघालात, तर मोडण्याआधी क्षणभर थांबा आणि खालून वरपर्यंत तिच्याकडे एकदा नीट पाहा. मग मोडावीशी वाटली तर खुशाल मोडा. बहुतेक तुम्ही वाकून नमस्कार कराल आणि समुद्राकडे निघून जाल.

आणि हो, शेपटीचे टोक ओढू नका. ते आजींचे आहे.