फोटो मनकर्णाबाईंचा

शहाऐंशीचा चैत्र. मोहगावच्या देवळात सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन असं रंगलं होतं की मागं स्वयंपाकात आमचे भाजी चिरणारे हातसुद्धा टाळांच्या ठेक्यावर चालून राहिले होते. तेवढ्यात मनकर्णाबाईंचा मुकुंद हळदीच्या पाकिटांचं खोकं घेऊन आला.

मनकर्णाबाईंची घरची, शेणखतावरची, बिना युरियाची हळद त्यांच्याच नावानं सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत जायची. यंदा मुकुंदनं ते ‘मनकर्णा’ नाव नागपूरच्या एका मसाला कंपनीला विकलं. पाकिटावर आईचा रंगीत फोटो. बायांची पाहायला नुसती झुंबड.

"काकू, फोटोत तर नवरीच दिसून राहिल्या तुम्ही," उर्मिला म्हणाली. मनकर्णाबाई पदराआड हसल्या.

कढीला उकळी येत होती. स्वयंपाक देवकाबाईंच्या हाती. त्यांनी पाकीट घेतलं, पण फोडलं नाही. नैवेद्याचं आम्ही चाखत नाही. आधी देव, मग जीभ. म्हणून जिन्नस माणूस पाहूनच घालायचा.

"मनकर्णे, घालू काय?"

"घाला न. माझंच नाव हाये."

"नाव वाचलं मी. हळद तू दळली काय?"

मनकर्णाबाईंनी लेकाकडं पाहिलं. "कोणाच्या वावरातली हाये रे?"

"कंपनी घेते कुठून कुठून. आई, फक्त हो म्हण. कंपनीचे साहेब बाहेर बसले हायेत, बुवांच्या हातून पाकिटं वाटायची हायेत."

मंडपात गजर चढला.

"मले माहीत नाही, देवकाबाई. नका घालू."

कढी पांढरीच राहिली. आरती होताच मनकर्णाबाई सरळ मंडपात गेल्या. बुवांनी पाकिटाला हात लावायच्या आत म्हणाल्या, "फोटो माझा हाये. हळद कोणाची, मले ठाऊक नाही. पाहून घ्या."

साहेबांनी खोकं उचलून जीपमध्ये ठेवलं. पंगत बसली तरी सगळीकडं तीच चर्चा.

"आता आपल्याच नावानं हळद विकता येत नाही आपल्याले," मुकुंद कढी वाढता वाढता पुटपुटला.

"मंग बिना नावाची दे. डबा मी आणतो," म्हातारे बापूजी म्हणाले.

"माझाही डबा," उर्मिला म्हणाली. मग चारी पंगतींतून डबेच डबे.

"पण आई, लावायचं बेणं तर विकून टाकलं आपण."

"बोरगावले मामाकडं हाये. उद्या पहिल्या बसनं जा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "अन् इकडं कढी आण, बापूजींची वाटी रिकामी हाये."