डब्यावरचा दुर्जय

गेवराईच्या बसस्टँडसमोर महांतेश आणि उत्तरेश्वर यांचं पेंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे हायवेला तोंड करून असलेली एक खोली. वाळूचा ट्रक गेला की ओल्या रंगावर धुरळा बसायचा, म्हणून दाराला कायम एक ओलं धोतर टांगलेलं. महांतेश लिंगायत वाण्याच्या घरातला. किराणा थोरल्या भावाच्या गळ्यात घालून हा रंगात पडला. अक्षरात आणि रंगात त्याचा हात धरणारा गेवराईत कोणी नव्हता. उत्तरेश्वर शिरूर कासारचा. त्याचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला निघायचे, आणि शाळा धड सुरू होईपर्यंत तोही त्यांच्याबरोबर जायचा. माणसाचं शरीर तो फडात शिकला होता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याची पोटरी कशी ताठते, मान कुठं आखडते, हे त्याला डोळे मिटूनही काढता यायचं. पेन्सिल उत्तरेश्वरची, रंग महांतेशचा, असं त्यांचं ठरलेलं होतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात राधाकिशनशेठ दुकानात आले. त्यांचं टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचं दुकान होतं आणि माल मुंबईहून यायचा. त्यांनी खिशातून फोटो काढला. तालमीच्या भिंतीवर या दोघांनी रंगवलेल्या मारुतीचा तो फोटो होता.

"मुंबईला दाखवलता हा," शेठ म्हणाले. "लालवाणी म्हणून एक साहेब हाय. टीव्हीवर खेळायचे गेम विकतो. त्याला डब्यावर एक हिरो पाहिजे. दुर्जय नाव ठेवलंय. काढता का?"

"गेममध्ये कसा हाय तो?" उत्तरेश्वरने विचारलं.

"ते मला काय म्हाईत? तुमी काढा."

उत्तरेश्वरने आठ दिवस खपून दुर्जय काढला. काळासावळा, भरदार मिशांचा, गुडघ्यात जरा वाकून उभा, जणू पाठीवर वजन आहे आणि तरी तो उडी घेणार आहे. महांतेशने रंग भरले. पार्सल गेलं आणि चौथ्या दिवशी एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. लालवाणींचा फोन होता. गोरा करा. मिशा काढा. केस वाऱ्यावर उडते पाहिजेत. महांतेश फोन कानाला लावून हातावर लिहून घेत होता.

अकरा वेळा चित्र गेलं आणि दहा वेळा परत आलं. दहाव्या वेळी महांतेशच्या ब्रशमधून लाल थेंब दुर्जयच्या डाव्या भुवईवर पडला. पुसायला गेला तर आणखी पसरला. उत्तरेश्वर चिडून म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. जखमेचा वण म्हण." तो वणच लालवाणींना सगळ्यात जास्त आवडला. अकराव्या चित्रात तो जरा ठळक केला आणि चित्र पास झालं.

दिवाळीआधी डबे आले. राधाकिशनशेठनी दुकानातल्या टीव्हीला गेमचं मशीन जोडलं आणि दोघांना बोलावलं. पडद्यावर निळं आभाळ, विटांच्या भिंती, आणि कोपऱ्यात एक नखाएवढं तांबडं काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. डोक्यावर टोपी होती. तोंडाच्या जागी दोन चौकोन.

"हा कोण बे?" उत्तरेश्वर म्हणाला.

"दुर्जय," शेठ म्हणाले.

"ह्याला वण कुठं हाय?"

शेठनी पडद्याजवळ डोकं नेऊन पाहिलं आणि मशीन बंद केलं.

हळूहळू उलगडा झाला. लालवाणी गेम बनवत नव्हते. परदेशातून कुठलेही गेम आणायचे, वर आपलं नाव चिकटवायचं आणि मालिका म्हणून विकायचं, हा त्यांचा धंदा होता. म्हणून दुसऱ्या भागात विमान निघालं. विमानात कोण बसलंय ते दिसतही नव्हतं. तरी डब्यावर दुर्जय पाहिजे होता. उत्तरेश्वरने त्याला विमानाच्या पंखावर उभा केला. महांतेशने तर एक वहीच केली. दुर्जयची उंची, पट्ट्याचा रंग, तलवार उजव्या हातात, वण डाव्या भुवईवर, बुटाला तीन बंद. एका भागात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं होऊ नये म्हणून.

"कोण बघणार हाय?" उत्तरेश्वर म्हणायचा.

"पोरं बघतात. आपुन लहानपणी काड्यापेटीवरची चित्रं बघत न्हवतो का?"

तिसऱ्या भागात बेडूक निघाला. नुसता हिरवा बेडूक, दगडावरून दगडावर उड्या मारणारा. लालवाणी फोनवर म्हणाले, "उसमें मेंढक है, क्या करूं? डब्बे पे दुर्जय ही डालो. पीछे कुछ स्टोरी लिख दो."

महांतेशने डब्याच्या मागच्या बाजूसाठी हिंदीत चार ओळी लिहिल्या. दुष्ट जादूगाराच्या शापाने दुर्जय बेडूक झाला आहे. आखरी मंज़िल पार करा आणि त्याला शापातून सोडवा. लिहून झाल्यावर तो खूश होता. उत्तरेश्वरने समोर गुडघ्यावर बसलेला दुर्जय काढला, हात हिरवे पडायला लागलेले, डोळ्यांत भीती. हातांचा हिरवा महांतेशने इतका हळुवार चढवला की उत्तरेश्वरही चार वेळा उठून बघून गेला. त्यांचं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं.

सहा महिन्यांनी चौथ्या भागाच्या कागदांबरोबर लालवाणींनी एक पत्र घालून पाठवलं. मराठी होतं, त्यांना वाचता येत नव्हतं. तेलगावच्या वर्षाराणी नावाच्या सहावीतल्या मुलीने कंपनीच्या पत्त्यावर लिहिलं होतं. अक्षर रेघेवरून हलत नव्हतं.

महांतेशने मोठ्याने वाचलं. 'मी दुर्जय भाग तीन तीनदा शेवटपर्यंत खेळले. शेवटी एक फूल येते आणि पुन्हा पहिली पायरी सुरू होते. बेडूक बेडूकच राहतो. दादा म्हणतो तुला खेळता येत नाही. माझे काय चुकते ते कळवावे.'

महांतेशने पत्राची घडी करून ते दुर्जयच्या वहीत ठेवलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"लिहायचं का काही?" महांतेशने विचारलं.

"काय लिहिणार? जादूगार तूच हायेस म्हणून?"

महांतेश दुखावला. पण त्याहून जास्त उत्तरेश्वरच्या डोक्यात ते पत्र बसलं. चौथ्या भागाचं चित्र देऊन झाल्यावर पुढचा सगळा मे महिना त्याने दुसरं काम घेतलं नाही. आलेखाचे कागद आणले. एकेक चौकोन रंगवून त्याने दुर्जय काढला, आडवे सोळा चौकोन आणि उभे चोवीस. एवढ्याशा जागेत वण बसेना. शेवटी एकच लाल चौकोन ठेवला आणि तो बरोबर बसला. मग पाऊल उचलताना, टेकताना, उडी घेताना, पडताना. शेवटची सात चित्रं बेडकाची होती. त्यात बेडूक उभा राहत जात होता आणि सातव्या कागदावर माणूस होता. घरी उन्हाच्या वेळी भिंतीला टेकून तो एकामागून एक कागद उलटायचा आणि आई चंद्रभागाबाईला दाखवायचा. "चालला की रं," ती म्हणायची.

कागदांची गुंडाळी घेऊन तो मुंबईच्या एसटीत बसला. महांतेशने त्याला अडवलं नाही, पण सोबतही गेला नाही.

लालवाणींची कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली होती. दोन बायका डब्यांवर कागद चिकटवत होत्या आणि एक माणूस खोकी बांधत होता. उत्तरेश्वरने डब्यांच्या रांगेत आपली चित्रं एकाखाली एक रचलेली पाहिली. लालवाणी साधा, थकलेला माणूस निघाला. त्याने चहा मागवला, कागद एकेक करून नीट पाहिले, बेडकाचे सात कागद दोनदा पाहिले.

"बहुत सुंदर," तो म्हणाला आणि बोलण्यापुरत्या मराठीवर आला. "पण हे घालायचं कुठे?"

"गेममध्ये. शेवटाला. पोरगी तीनदा खेळली, तिला कमीत कमी शेवट तरी..."

लालवाणीने टेबलावरची एक गेमची कॅसेट उचलली, स्क्रू काढले आणि उघडून त्याच्या पुढे धरली. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा वाळलेला थेंब असावा तसा एक काळा गोळा. "गेम याच्या आत आहे. असाच बंद येतो. मी पण उघडू शकत नाही. इथे कोणी गेम बनवत नाही, बाबा. ज्यानं बनवला त्याचं नाव मलाही माहीत नाही."

"मग दुर्जय कुठं हाय?"

"डब्यावर," लालवाणी म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. "तुम्ही दोघं काढता तेवढाच."

उत्तरेश्वरने त्या काळ्या गोळ्याला नखाने टोकरून पाहिलं. नख वाकलं. महिनाभराचं काम त्याने परत गुंडाळलं, रबर लावलं आणि जिना उतरला. संतापायचं कोणावर, हेच त्याला कळत नव्हतं. लालवाणीने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गेवराईला परतल्यावर त्याने वर्षाराणीला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. तुझं काही चुकलं नाही, त्या गेममध्ये दुर्जय नाहीच, शाप नाही, जादूगार नाही. गोष्ट डब्यासाठी आम्ही रचली. दादाला हे पत्र दाखव. पत्राबरोबर त्याने बेडकाचे सातही कागद घडी करून पाठवले.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्याच सरळ अक्षरात दोनच ओळी होत्या. 'पत्र दादाला दाखवले. मग तुम्ही खोटे का लिहिले?' कागदांबद्दल काही नव्हतं.

उत्तरेश्वरने ते कार्ड महांतेशपुढे टाकलं.

"लहान लेकरू हाय ते," महांतेश वाचून म्हणाला. "इसरून जाईल."

"ती इसरंल. मी न्हाई काढणार आता."

"कावून? पाचवा भाग आलाय. लालवाणी कधी वाईट बोलला का आपल्याला?"

"त्येच तर! कुणीच वाईट न्हाई. तू न्हाई, तो न्हाई, मी न्हाई. अन् पोरगी तीनदा शेवटाला जाऊन आली बे! अकरा वेळा तोंड काढलं, तवा मला वाटलं कुठंतरी खरा हिरो हाय अन् आपुन त्याच्याजवळ चाललोत. कुठं काहीच न्हवतं."

"न्हवतं म्हणूनच आपुन केलं ना," महांतेशचा आवाजही चढला. "वण मी दिला त्याला. वही मी ठेवली. तुला खोटं वाटतंय, मला न्हाई वाटत."

उत्तरेश्वरने आपल्या पेन्सिली उचलल्या आणि दुपारच्या गाडीने शिरूरला गेला.

पाचवा आणि सहावा भाग महांतेशने एकट्याने काढला. दुर्जय लाकडासारखा उभा राहिला, तलवार हातात धरलेली नाही तर हाताला चिकटवलेली वाटायची. दोन्ही भाग पहिल्यांइतकेच खपले. हे राधाकिशनशेठनी उत्तरेश्वरला बाजारात भेटून आवर्जून सांगितलं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही. तो तोवर आरोग्य खात्याची कामं घ्यायला लागला होता. तालुक्यातल्या भिंतींवर बाळाला पोलिओचे थेंब पाजणारी आई काढायची. आईची मान तो मनासारखी काढायचा. तेवढं कोणी अडवत नव्हतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत महांतेश शिरूरला आला. उत्तरेश्वर शाळेच्या भिंतीपाशी शिडीवर होता. तीनेक वर्षांनी दोघं समोरासमोर येत होते. महांतेशच्या कानांजवळचे केस पिकले होते.

"उतर खाली," तो म्हणाला. "सातवा भाग हाय. शेवटचाच. आता कॉम्प्युटरवर गेम आलेत, लालवाणी बंद करू लागलाय. ह्या वेळी मोटरसायकलची रेस हाय."

"मी सांगितलंय तुला."

"सांगितलंस. पण हे बघ तरी."

त्याने पिशवीतून आपलं चित्र काढलं. उत्तरेश्वरने शिडीवरूनच पाहिलं आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. "वळणावर गाडी एवढी झुकलीय अन् माणूस ताठ? पडंल ना तो! अन् गुडघा कुठं गेला?"

"म्हणूनच आलोय."

उत्तरेश्वर खाली उतरला. हात पुसले. काढणार नाही, असं तो दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना चित्र उलटं करून कोऱ्या बाजूवर त्याने वळणाची रेघ ओढली होती. चुकीचं चित्र समोर पडलेलं त्याला सोसवतच नव्हतं, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

"एक सांगायचं राहिलं," महांतेश खालच्या आवाजात म्हणाला. "गेममध्ये सगळ्यांना हेल्मेट हाय. काळी काच. लालवाणी म्हणतो, डब्यावर पण हेल्मेटच पाहिजे. तोंड न्हाई दिसलं तरी चालंल."

उत्तरेश्वर पेन्सिल धरून तसाच थांबला. मग एकदम हसला, पण त्या हसण्यात काही बरं नव्हतं.

"एवढंच ऱ्हायलं होतं," तो म्हणाला.

तो भिंतीच्या सावलीत बसला आणि काढायला लागला. आधी झुकलेली गाडी, मग रस्त्याला टेकायला आलेला गुडघा, मग खांदे. महांतेशला वाटलं आता तो हेल्मेटचा गोल काढेल. पण उत्तरेश्वरने तोंड काढलं. उडते केस, भुवई, भुवईवरचा वण. आणि लालवाणींनी पहिल्याच फोनवर पुसायला लावल्या होत्या त्या मिशा. डोळे वळणापलीकडे लागलेले. अर्धा तास गेला. मग त्याने त्या सगळ्यावरून हेल्मेटची रेघ फिरवली आणि कागद महांतेशकडे दिला.

"काळ्या काचेखाली हे दिसणार न्हाई," महांतेश म्हणाला.

"मला काय म्हाईत न्हाई का?"

महांतेशने कागद मांडीवर घेतला. पिशवीतून काळा रंग काढला, झाकण उघडलं, आणि ब्रश बुडवायच्या आधी बराच वेळ तसाच बसून राहिला. उत्तरेश्वर शिडीवर चढून गेला होता आणि बाळाच्या उघड्या तोंडात पांढरा थेंब काढत होता.

"भर की बे," वरून तो म्हणाला. "वाळायला येळ लागतो त्याला."