मी टाळ्यांची पाटी

मी टाळ्यांची पाटी बोलतेय. पाटी कसली घाबरते, असं तुम्ही म्हणाल. पण मला माझीच भीती वाटते.

न्यूयॉर्कच्या एका टीव्ही स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर उंचावर मला टांगलं होतं. आत दिवा आणि काचेवर लाल अक्षरांत एकच शब्द: ‘टाळ्या’. कार्यक्रमाआधी एक गमत्या माणूस येऊन लोकांकडून सराव करून घेई. “बाई, जरा जोरात! तिकीट फुकट मिळालंय ना?” लोक हसत आणि मी पेटले की टाळ्यांचा कडकडाट करत. मला वाटे, हे माझ्यावरच जीव टाकतात. खुळी मी!

त्या कार्यक्रमात मेबल ड्रिस्कॉल गाणी म्हणे, नकला करी. सुरुवातीला तिच्यासाठी लोक माझ्याआधीच टाळ्या वाजवत. पुढे सवयीनं तिच्यासाठीही माझी वाट बघू लागले.

मग स्टुडिओतल्या सुतारांनी संप केला आणि मेबल त्यांच्या बाजूनं उभी राहिली. कार्यक्रमाचा खर्च एक साबण कंपनी करायची; तिला हे खपलं नाही. कंपनीचा माणूस हॅल्वर्सन माझं बटण सांभाळणाऱ्या डेनिसकडे आला.

“आज मेबल आली की पाटी पेटवायची नाही.”

“साहेब, लोक गप्प बसतील.”

“बसू देत. वर काचेआड स्टुडिओचे मालक बसलेत. लोकांना ती नकोशी झालीय, हे त्यांना दिसू दे.”

“अहो, तिला पोरंबाळं आहेत...”

“तुलाही आहेत ना?”

डेनिसनं बटणावरचा हात काढला.

मेबल हात पसरून आली. सगळं चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं टाळीसाठी हात उचलले, माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल शोधत असल्यासारखे ते पर्समध्ये घातले. वाजवा गं, वाजवा! मी जीव तोडून म्हणत होते. पण बटणाशिवाय मला वाचा कुठली?

“आवडेनाशी झाले का रे मी तुम्हाला?” मेबलनं हसत विचारलं.

हसायचं की नाही, हे कळेना म्हणून सगळे वर माझ्याकडे बघू लागले.

पुढच्या आठवड्यात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. मी पेटले. टाळ्या थांबेनात.

आता मी ब्रुकलिनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात, भिंतीवर असते. कुणी गंमत म्हणून मला पेटवतं आणि ग्लास खाली ठेवून माणसं टाळ्या वाजवतात. कशासाठी, ते कुणीच विचारत नाही. माझा थरकाप होतो.

बाबांनो, कुणी मनापासून आवडलं, तर वर बघू नका.